मोकळ्या बाह्या

कराटेचा ड्रेस धुणं हे ऐऱ्यागैऱ्याचं काम नाही. ज्यांना वाटतं की मशीनचं झाकण उघडलं, ड्रेस कोंबला, बटण दाबलं आणि झालं, त्यांनी खुशाल तसं करावं आणि मग नडगीपर्यंत चढलेली पँट घालून पोरीला क्लासला पाठवावं. जाड सुती कापड असतं ते. त्याला गरम पाणी चालत नाही, भर ऊन चालत नाही, पिळलेलं तर अजिबात चालत नाही. गार पाण्यात मूठभर खडेमीठ टाकायचं, ड्रेस उलटा करून तासभर भिजवायचा, नुसता दाबून दाबून पाणी काढायचं. मग दोन्ही बाह्यांतून कळकाची, म्हणजे बांबूची, काठी घालून सावलीत टांगायचा आणि ओला आहे तोवर एकेक शिवण दोन्ही हातांनी ओढून सरळ करायची. शिवण ओढली नाही तर वाळताना दोरा आखडतो आणि दोऱ्याच्या मागोमाग कापडही. हे सगळं मला माझ्या बायकोनं शिकवलं असं सांगायला आवडलं असतं. खरं म्हणजे ती हे करायची तेव्हा मी पेपर वाचत बसलेलो असायचो.

परवा प्राजूचा फोन आला. प्राजू म्हणजे माझी मुलगी, एकुलती एक. गेल्या वर्षापासून नाशिकला नोकरी करते.

"पप्पा, रविवारी येतेय. रावेतच्या क्लासमध्ये सरांनी बोलावलंय, लहान मुलांना करून दाखवायला. माझा जुना ड्रेस धुऊन ठेवाल का?"

"ठेवतो की."

"आणि बाह्यांत काठी घाला हां."

"घालतो."

फोन ठेवला आणि बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. श्रावण लागलाय. आमच्या पुनावळ्यात या दिवसांत पाऊस पडतोय असंही म्हणता येत नाही आणि थांबलाय असंही नाही. भिंतीला हात लावला तर हात ओला होतो. काडेपेटी पेटत नाही, मीठ बरणीत बसून राहतं, पापड तळायच्या आधीच मऊ. हायवेवरच्या ट्रकांचा आवाज लांबून, दबून येतो. या हवेत घरात ओले कपडे टांगले की मला सहा वर्षांपूर्वीचा श्रावण आठवतो. आठवतो कसला, तो या घरातून पुरता गेलेलाच नाही.

आम्ही मूळचे लातूरकडचे. मी चाकणला एका कंपनीत पावडर कोटिंगच्या लाइनवर, म्हणजे लोखंडी पार्टांवर रंगाची पूड भाजून बसवतात तिथे. सुरुवातीला आकुर्डीत काही वर्षं एका खोलीत काढली, मग इथे हिराआक्कांच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर आलो. हिराआक्का मूळ याच गावच्या. जिथे आमचं पार्किंग आहे तिथे त्यांचा गोठा होता, आणि त्या अजून खाली ओट्यावर गोठ्याची राखण केल्यासारख्या बसतात. येणाऱ्या-जाणाऱ्याला हटकल्याशिवाय सोडत नाहीत.

प्राजू सहावीत असताना तिला कराटेचं वेड लागलं. ड्रेस घ्यायला आम्ही तिघं गेलो. सुमननं, म्हणजे माझ्या बायकोनं, दुकानदाराला सांगितलं, "वाढत्या अंगाचा दाखवा." त्यानं दोन मापं मोठा दाखवला. ही म्हणे, आणखी मोठा. शेवटी तो वैतागला. "ताई, हे कॉलेजच्या मुलीचं माप आहे." सुमन म्हणाली, "मग ती काय जन्मभर सहावीतच राहणार आहे का?" तो ड्रेस प्राजूच्या अंगावर धरला तर पोरगी आत दिसेना. घरी आल्यावर सुमननं पँटच्या पायांना आणि बाह्यांना आतून दुमडी घातल्या, एकावर एक तीन, हातशिलाईनं. दर जूनमध्ये उंची बघायची आणि गरज असली तरच एक दुमड उसवायची. उसवली की जुन्या दुमडीची रेघ तिथे तशीच राहायची, भिंतीवर पोरांची उंची लिहितात तशी. शेवटून दुसरी दुमड उसवली तेव्हा शेवटच्या दुमडीचा दोराही सैल झालेला दिसला, म्हणून तिनं ती पुन्हा पक्की केली. पांढरं रीळ संपलं होतं. माझ्या कंपनीच्या शर्टाचा निळा दोरा होता, तोच ओवला. "आतून कोण बघतंय," म्हणाली.

त्याच वर्षी भाद्रपदात तिला डेंग्यू झाला. आठ दिवसांत गेली. त्यावर मला अजून काही लिहिता येत नाही.

पुढच्या श्रावणात प्राजू बारावीला होती आणि तिची ब्लॅक बेल्टची परीक्षा तोंडावर आली होती. सरांचा नियम कडक. बाही मनगटाला टेकली पाहिजे, पँट घोट्याला, नाहीतर मॅटवर पाय ठेवायचा नाही, मग तू कितीही चांगली खेळत असशील. प्राजूची उंची वाढून ड्रेस अगदी काठावर आलेला. एक दुमड शिल्लक होती, निळ्या दोऱ्याची. मी ती उसवायचं नाव काढत नव्हतो आणि प्राजू मागत नव्हती. घरातली सुमनच्या हातची लोणच्याची बरणी उन्हाळ्यातच संपली होती. पापड, सांडगे, मसाला, सगळं संपलं होतं. तेवढे निळे टाके उरले होते. ते गेले की या घरात तिच्या हातचं काही म्हणून राहणार नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं. म्हणून मी ठरवलं की ड्रेस असा जपायचा की तो सूतभरही आटणार नाही, म्हणजे उसवायची वेळच येणार नाही.

त्या महिन्यात मला फर्स्ट शिफ्ट होती. पहाटे साडेपाचला कंपनीची बस, अंधारातच घर सोडायचो, दुपारी चारला परत. प्राजू सातला कॉलेजला जायची, तिथून ट्यूशन, तिथून दिवसाआड क्लास. आमची गाठ पडायची ती रात्रीच्या जेवणाला, आणि तेव्हाही टीव्ही चालू असायचा. बाकी बोलणं फ्रिजवर चिकटवलेल्या चिठ्ठ्यांवर. डाळ आहे. दूध तापवलंय. उशीर होईल. आमच्यात भांडण नव्हतं. फक्त कुठलंही वाक्य दोन पावलं पुढे गेलं की सुमनपाशी पोचायचं, म्हणून आम्ही वाक्यंच आखूड ठेवली होती.

ड्रेस मी संध्याकाळी धुवायचो आणि हॉलमध्ये बाल्कनीच्या दाराशी दोरीला टांगायचो. काठी मात्र घालत नव्हतो. ती दारामागे उभी होती, पण कळक म्हटलं की मला तिरडीच दिसायची. प्लास्टिकच्या हँगरवर टांगायचो. एकदा हिराआक्का वर आल्या, पाण्याच्या टाकीचं काहीतरी सांगायला. दारातूनच त्यांची नजर ड्रेसवर गेली.

"बाह्या आशा मोकळ्या सोडू न्हाई," त्या म्हणाल्या.

"का हो आक्का?"

"मोकळ्या बाहीत कोन बी हात घालतंय. काठी घालून ठिवायची. आन तुमचं तर आजून वरीस व्हायचंय. वरीस व्हईस्तवर मानूस घर सोडीत न्हाई."

मी हसलो. "आक्का, बसा, चहा टाकतो." त्या बसल्या नाहीत. पायऱ्या उतरताना एकदा मागे वळून बघितलं त्यांनी, माझ्याकडे नाही, ड्रेसकडे.

दुसऱ्या दिवशी चारला आलो तर ड्रेसच्या शिवणी ओढलेल्या. मी स्वतः टांगताना त्या तशाच चुरगळलेल्या सोडल्या होत्या, कारण ओढायची असतात हे मला तेव्हा धड आठवतही नव्हतं. आता गळपट्टी सपाट होती, खांद्यापासून मनगटापर्यंत बाही सरळ, आणि मनगटापाशी कडा जराशी आत वळवलेली. सुमन तशी वळवायची. प्राजूनं केलं असणार, कॉलेजला जायच्या आधी. मला बरं वाटलं. पोरगी आईचं बघून शिकली म्हणायची.

असं तीन वेळा झालं, मग चार वेळा. मी चिठ्ठीत काही लिहिलं नाही. दुपारी चहाचा कप घेऊन ड्रेससमोर बसायची मला सवय लागली. घरात उजेड असायचा, पण राखाडी, दिवे लावावेत की नाही कळू नये असा. ड्रेस नेहमी माझ्याकडे पाठ करून असायचा, तोंड बाल्कनीकडे. सुमन अशीच उभी राहायची, कपडे वाळत घालून झाल्यावर बाहेर बघत. मी उठून हँगर फिरवून ठेवायचो. कप विसळून आलो की पुन्हा पाठ. वारा, दुसरं काय. फटीतून येतो, हँगरचा आकडा गोल असतो, फिरतो. मी कंपनीतला माणूस आहे. आम्हाला शिकवलंय की काही बिघडलं की पाच वेळा 'का' विचारायचं, पाचव्याला खरं कारण सापडतं. का फिरला? वाऱ्यानं. वारा का आला? फट आहे. फट का? लाकूड फुगलंय. मग दर वेळी त्याच बाजूला का? इथपर्यंत आलो आणि उठून टीव्ही लावला.

आणखी एक गोष्ट होती. सुमन चांगले कपडे रिठ्याच्या पाण्यात धुवायची. मी साबणाची पावडर वापरायचो, रिठे तर घरात वर्षभर आले नव्हते. पण ड्रेसच्या जवळ गेलं की रिठ्याचा वास यायचा, तो उग्र, किंचित आंबूस. कधी कधी टप असा आवाज यायचा. ड्रेसखाली बादली ठेवलेली असायची. आत बघावं तर कोरडी.

भीती वाटली का? वाटली. कबूल करायला लाज कसली. पण त्या भीतीपायी मी एक दिवसही घरी उशिरा आलो नाही. उलट बसमधून उतरल्यावर भरभर चालायचो.

परीक्षा रविवारी अकराला होती. गुरुवारी धुतलेला ड्रेस शुक्रवारी संध्याकाळीही ओलाच होता आणि त्याला कुबट वास मारायला लागला होता. आता मी जे केलं ते आमच्या लाइनवरचा माणूसच करू जाणे. पावसाळ्यात आम्ही सगळेच ओव्हनच्या, म्हणजे भट्टीच्या, तोंडाशी ओले मोजे, रेनकोट, हातमोजे वाळवतो, डबे गरम करतो. साहेब बघून न बघितल्यासारखं करतात. शनिवारी सकाळी मी ड्रेस पिशवीत घालून कंपनीत नेला.

आमच्याकडे लोखंडी पार्ट आधी धुतले जातात, मग वरच्या साखळीच्या आकड्यांना लटकून एका लांबलचक भट्टीतून जातात, पाणी सुकवायला. त्या वेळी साखळी बंद पडली होती. भट्टीच्या तोंडाशी एक आकडा रिकामा होता, ऊब छान येत होती. मी हँगर त्याला अडकवला आणि मेंटेनन्सवाल्यांना मदत करायला पलीकडे गेलो. दहा मिनिटांचं काम होतं. साखळी सुरू झाल्याचा आवाज आला तेव्हा मी वळून बघितलं. काळ्या पार्टांच्या रांगेत तो पांढरा ड्रेस, बाह्या खाली सोडून, हळूहळू आत चालला होता. मी धावलो. पण तोवर तो तोंडातून आत गेला होता. ओरडलो, "साखळी थांबव रे भावा!" पलीकडून आवाज आला, "आता न्हाई थांबत राव, आतला माल जळंल."

आत जाऊन बाहेर यायला किती वेळ लागतो हे मला पाठ होतं. तरी मी दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिलो आणि एकेक पार्ट बाहेर येताना बघत राहिलो. ड्रेस आला तेव्हा तो वाऱ्यावर जरासुद्धा हलत नव्हता, कागदासारखा कडक झाला होता. आत जाताना बाह्या खाली लोंबत होत्या. बाहेर आला तेव्हा दोन्ही बाह्या पोटाशी घेतलेल्या होत्या, थंडी वाजल्यावर माणूस घेतो तशा. गरम हवेचा झोत खालून येतो, त्यानं होतं असं. मी तो आकड्यावरून काढला आणि पिशवीत भरला.

घरी आलो तर प्राजू क्लासला सुट्टी म्हणून घरीच होती. मी पिशवी पुढे केली. काय झालं ते सांगितलं. ती आत गेली, घालून बाहेर आली. पँट घोट्याच्या चार बोटं वर, बाह्या तीन बोटं. ती आरशात बघत होती आणि मी जमिनीकडे.

"कुणाचा तरी माग उद्यापुरता," मी म्हणालो. "मैत्रिणीचा वगैरे."

ती वळली. आत जाऊन ब्लेड घेऊन आली.

"नको," मी म्हणालो.

"पप्पा, मग मम्मीनं ती दुमड ठेवली कशासाठी होती?"

सुमननं माझ्या आठवणीसाठी शिवलं नव्हतं. पोरीला पुरावं म्हणून शिवलं होतं. ब्लेड मी तिच्या हातातून घेतलं, कारण उसवायचंच असेल तर ते मी उसवणार होतो. खिडकीशी बसलो. निळे टाके बारीक, एकसारखे, मध्येच एक तिरका. बहुतेक कुकरची शिट्टी झाली असेल आणि उठली असेल. एकेक करून कापत गेलो. पहिल्या पायाची दुमड उलगडली आणि माझं बोट आतल्या कापडाला लागलं.

ते ओलं होतं.

ड्रेस भट्टीतून आला होता. वरून तो वाळक्या पापडासारखा कडकडत होता. आणि दुमडीच्या आत कापड गार, ओलसर, नुकतं पाण्यातून काढून दाबल्यासारखं. रिठ्याचा वास भपकन नाकात शिरला. मी प्राजूकडे बघितलं. तिनंही हात लावला आणि मागे घेतला.

"जाड कापड आहे," मी म्हणालो. "ओल धरून ठेवतं."

"हो," ती म्हणाली.

दुसरा पायही तसाच. बाह्याही. चारही दुमडी उसवून झाल्यावर मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, आणि वर्षभरात पहिल्यांदा माझ्या तोंडी सुमनचं नाव आलं. "तू पण अगदी सुमनसारख्या शिवणी ओढून ठेवतेस. मनगटाची कड वळवतेस ते पण तसंच. मी रोज बघायचो."

प्राजूनं बाही हातात घेऊन कड बघितली.

"मी नाही ओढल्या," ती म्हणाली. "मी सकाळी उठायचे तेव्हा ओढलेल्या असायच्या. मला वाटलं तुम्ही ओढता, बसला जायच्या आधी."

बाहेर कुणीतरी गाडीला किक मारत होतं, ती लागत नव्हती.

मग आम्ही घाबरलेली माणसं करतात तेच केलं, कामाला लागलो. ड्रेस गार मिठाच्या पाण्यात बुडवला. एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला मी, ओला ड्रेस ओढून ओढून लांब केला. आटलेलं कापड ओलं असताना ओढलं तर थोडं परत येतं, हे प्राजूला माहीत होतं. आईकडून. ओढता ओढता ती रडायला लागली आणि मीही. पण हात कुणीच सोडला नाही. वर्षभर जे बोललो नव्हतो ते तेव्हा बोललो, अर्धंमुर्धं, नाकं ओढत. टांगायची वेळ आली तेव्हा प्राजूनं दारामागची काठी आणली. मी घालू नको म्हणालो नाही. दोन्ही बाह्यांतून काठी आरपार गेली आणि ड्रेस हात पसरून उभा राहिला. आमच्याकडे तोंड करून.

रविवारी सकाळी तो आम्ही ठेवला तसाच होता. शिवणी चुरगळलेल्या, कड वळवलेली नाही, वास फक्त मिठाचा. मी इस्त्री करकरून तो वाळवला. पँट घोट्याला टेकली, बाह्या एक बोट कमी पडल्या. सरांनी बघितलं आणि मॅटकडे बोट दाखवलं. प्राजू पास झाली. घरी येऊन तिनं बेल्ट सुमनच्या फोटोपुढे ठेवला आणि मी निळ्या दोऱ्याचे तुकडे एका डबीत भरून ठेवले. भाद्रपदात वर्षश्राद्ध झालं. त्यानंतर शिवणी कधी ओढल्या गेल्या नाहीत. रिठ्याचा वासही गेला.

लोक म्हणतील, बरं झालं, सुटका झाली. मीही पहिले काही महिने तसंच म्हणत होतो. पुढे पुढे मात्र चारला घरी आलो की चहा घेऊन रिकाम्या दोरीसमोर बसायचो आणि वाटायचं, वर्षातले शेवटचे थोडे दिवस उरले होते, ते तरी तिला द्यायला हवे होते. आपल्या भीतीपायी आपणच काठी घातली. पोरीच्या ड्रेसच्या शिवणी ओढत होती, दुसरं काय करत होती बिचारी? प्राजू घरात होती तोवर ड्रेस तीच टांगायची आणि काठी घातल्याशिवाय जायची नाही. मी तिला कधी बोललो नाही.

आज दुपारी धुतला. गार पाणी, खडेमीठ, उलटा करून तासभर. रिठे आणले होते मुद्दाम, पण ते डब्यातच ठेवले, कारण मग वास कशाचा ते कळलं नसतं. दाबून पाणी काढलं आणि बाल्कनीच्या दाराशी नेला. या घरात मी एकट्यानं तो टांगायची त्या श्रावणानंतरची ही पहिलीच वेळ. खालून हिराआक्कांची हाक आली. आता त्यांना नीट दिसत नाही, पण वर काहीतरी पांढरं हललेलं कळतं.

"ड्रेस धुतला व्हय पोरीचा?"

"हो आक्का. रविवारी येतेय ती."

"काठी घातली न्हवं बाह्यात?"

"घातली, आक्का."

काठी दारामागेच उभी आहे. ड्रेस हँगरवर टांगला, बाह्या मोकळ्या सोडल्या, एकही शिवण ओढली नाही. अजून पाणी गळतंय. सकाळी बघू.